जुन्या पेडल स्टील गिटारचा पिकअप खरखरतोय: बदलण्याआधी काय काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी वादकाने सत्तरच्या दशकातली, दोन मानांची (म्हणजे तारांचे दोन संच असलेली) शो-बड कंपनीची पेडल स्टील विकत घेतली. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची विजेची गिटार: डाव्या हातात पोलादाचा बार, तारांचा सूर बदलायला खाली पायाची पेडलं, आणि आवाज कमीजास्त करायला वेगळं व्हॉल्यूम पेडल. बाहेरच्या, म्हणजे ई-नाइन्थ या स्वरजुळणीच्या मानेच्या पिकअपबद्दल (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा चुंबक आणि कॉइलचा भाग) त्यांच्या तीन तक्रारी आहेत. सतत ‘घूं’ असा आवाज येतो. व्हॉल्यूम पेडल हलवलं की खरखर होते. आणि वाजवता वाजवता मध्येच आवाज एकदम किरटा होतो, मग आपोआप पूर्ववत होतो. गिटारच्या दुकानात सांगितलं की पिकअप गेला, नवा टाका. पुढच्या वर्षी ते गिटारसकट नाशिकला परतणार आहेत, तेव्हा नवा टाकावा की जुनाच दुरुस्त करून घ्यावा, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं मत आधी सांगतो. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि पिकअपचा त्यातला एकच, फार तर दीड. नवा पिकअप बसवलात तर किरटेपणा जाईल, खरखर आहे तिथेच राहील, आणि ‘घूं’चं काय होईल ते नवा पिकअप कुठल्या जातीचा आहे त्यावर ठरेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं या वाद्याच्या बाबतीत फार घडतं. कारण साधं आहे. नेहमीच्या गिटारवर काम करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली वर्षाकाठी एखादीच पेडल स्टील येते, आणि व्हॉल्यूम पेडल हा या वाद्याचाच भाग आहे हे त्याच्या डोक्यात नसतं.

म्हणून सुरुवात व्हॉल्यूम पेडलपासून करा. स्टील वादकाचा उजवा पाय त्या पेडलवरून हलतच नाही. सूर छेडला की तो विझायला लागतो, आणि विझू नये म्हणून तुम्ही पाय दाबत जाता. दर सुराला हे चालतं. एखाद्या रात्रीच्या कार्यक्रमात त्या पेडलमधलं पोटेन्शिओमीटर (फिरवून आवाज कमीजास्त करायचा रोध, थोडक्यात ‘पोट’) जितकं फिरतं तितकं साध्या गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटन वर्षभरातही फिरत नाही. आतली कार्बनची पट्टी झिजते, तीही नेमक्या मधल्या भागात, कारण पाय बहुतेक वेळ तिथेच असतो. खरखर फक्त पाय हलताना येत असेल आणि पाय स्थिर ठेवला की थांबत असेल, तर पिकअपचा तिच्याशी काहीही संबंध नाही. खात्री करून घ्यायची तर पेडल पूर्ण बाजूला काढा, गिटारची कॉर्ड थेट अॅम्प्लिफायरला लावा आणि पाच मिनिटं वाजवा.

पोट खराब निघालं तर बदला. 500 किलोओहमचं, ऑडिओ टेपरचं आणि जास्तीत जास्त टिकाऊ म्हणून विकलं जाणारं घ्या. इथे चार पैसे वाचवू नका. दोरीवर चालणाऱ्या जुन्या पेडलमध्ये दोरीचे वेढे कसे गुंडाळले आहेत त्याचा फोटो काढून मगच ती सोडवा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा उघड्या पोटात चार दिवस काम करतो. जुन्या पेडलमध्ये बऱ्याचदा ॲलन-ब्रॅडलीचं बंद डबीचं पोट असतं, त्यात फवारा नीट पोचतच नाही. आणि कुठल्याही घरगुती गंजरोधक तेलाचा फवारा तिथे मारू नका.

इथे एक गोष्ट तपासायची राहून जाते. नवं पोट टाकूनही खरखर आली, तर अॅम्प्लिफायरच्या इनपुटमधून डीसी व्होल्टेज मागे गळत असेल. कॉर्डचं एक टोक अॅम्प्लिफायरमध्ये लावा, दुसऱ्या टोकाच्या टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्हवर (प्लगचा मागचा धातूचा भाग) मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. आकडा शून्याच्या आसपास हवा. तिथे थोडंसं जरी डीसी असलं तरी चांगलंसुद्धा पोट फिरताना खरखरतं. दोष इनपुटच्या व्हॉल्व्हचा किंवा मध्ये जोडलेल्या एखाद्या इफेक्टच्या पेटीतल्या कपॅसिटरचा असतो, आणि बिचाऱ्या पोटाचा बळी जातो.

आता ‘घूं’कडे वळू. तारांना हात लावला की ती कमी होते का? स्टीलवर हे पाहायला जरा युक्ती लागते, कारण डाव्या हातातला बार कायम तारांवरच असतो. बार उचला, दोन्ही हात वाद्यावरून काढा, ऐका. मग एकच बोट चेंजरवर, म्हणजे तारा जिथे अडकतात त्या धातूच्या भागावर ठेवा. फरक पडो वा न पडो, मीटर ओहमवर घेऊन एक टोक जॅकच्या स्लीव्हला आणि दुसरं तारेला लावा. एकदोन ओहमच्या आत आकडा यायला हवा. पुष्कळ जुन्या वाद्यांत जॅककडून चेंजरकडे जाणारी ही ग्राउंडची वायर तुटलेली असते, काहींत ती कधी घातलेलीच नसते. वाद्य उलटं करून पाहा: पेडलच्या सळ्या आणि फिरते दांडे यांच्या जंगलात एखादी वायर दांड्याला घासून मोकळी झालेली दिसेल. एक वायर, दोन सोल्डर, काम संपलं.

इथे एक इशारा. ‘घूं’ घालवायला अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढणारा, किंवा ती तोडणारा अडॅप्टर लावणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका. तारा ग्राउंडला जोडलेल्या, हातात पोलादाचा बार, बोटांत धातूच्या नख्या. अॅम्प्लिफायरमध्ये काही बिघडलं तर विजेला तुमच्यातून जायला याहून चांगली वाट मिळणार नाही.

ग्राउंड ठीक असूनही ‘घूं’ राहिली आणि गिटार जागच्या जागी वळवली की ती कमीजास्त होत असेल, तर ती सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपची जन्मजात ‘घूं’ आहे. भोवतालच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कॉइल पकडते, त्यात बिघाड काही नाही. पण स्टीलवर ती जास्त त्रास का देते, त्याचं कारण पुन्हा त्या पायातच आहे. सूर विझत जातो आणि तुम्ही पेडल उघडत जाता, म्हणजे सुराची पातळी जागेवर राहते आणि ‘घूं’ची चढत जाते. लांब सुराच्या शेवटी ती सुराच्या बरोबरीला येते. टेलिकास्टरसारखी नेहमीची इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला हीच ‘घूं’ ऐकूसुद्धा येत नाही, कारण त्याचा सूर संपतो आणि पुढचा सुरू होतो.

तिसरी तक्रार, मध्येच किरटा होणारा आवाज. हा मात्र खरोखर पिकअपचा आजार असावा. कॉइलची तार कुठेतरी तुटली आहे आणि दोन टोकं कधी टेकतात, कधी सुटतात. तार तुटूनही आवाज पूर्ण बंद का होत नाही, असं बरेच जण विचारतात. तुटलेल्या जागी दोन्ही बाजूंचे वेढे एकमेकांना इतके लगटून असतात की तिथे एक छोटा कपॅसिटर तयार होतो. त्यातून उंच कंपनं निसटतात, खर्ज अडकतो. म्हणून आवाज पत्र्यासारखा येतो.

मोजायचं असं. पिकअप सर्किटमधून सोडवा, निदान एक वायर तरी, आणि थेट त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. मीटरच्या दोन्ही पिना बोटांनी धरू नका, नाहीतर शरीराचा रोधही मोजमापात शिरतो. स्टीलचे जुने सिंगल-कॉइल पिकअप साधारण 12 ते 20 किलोओहमच्या दरम्यान असतात. नेहमीच्या गिटारच्या सवयीने हा आकडा मोठा वाटेल, पण स्टीलमध्ये तो असाच असतो. मीटर लावून ठेवा आणि पिकअपच्या दोन्ही टोकांकडे, वायर जिथे कॉइलला मिळते त्या जागी, लाकडी काडीने हलकेच दाबत जा. आकडा उड्या मारायला लागला की जागा सापडली. मीटरने सरळ ‘ओएल’ (मोजमापाच्या पलीकडे) दाखवलं तर तारेची टोकं सध्या सुटलेली आहेत. कधी कधी गरम हवेने आजार उघडा पडतो, तेव्हा हेअर ड्रायर लांबूनच धरा. मात्र तापमानाने तांब्याचा रोध तसाही वाढतो, दहा अंश सेल्सिअसला जवळपास चार टक्के. थंडीत 15 किलोओहम दाखवणारा पिकअप उन्हाळ्यात 15.6 दाखवेल. तो बिघाड नव्हे.

तार का तुटते? या पिकअपची रचना बघा. खालीवर फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत घट्ट बसवलेल्या अॅल्निको या मिश्रधातूच्या दहा चुंबक-कांड्या, आणि बहुतेक वेळा त्या कांड्यांभोवतीच थेट गुंडाळलेली तांब्याची तार. 42 गेजची तार म्हणजे जेमतेम 0.063 मिलिमीटर जाडीची, 44 गेजची त्याहून बारीक. हजारो वेढे. वादकाचा उजवा तळहात बरोबर तिथेच टेकतो, घाम झिरपतो. दारूच्या बारमध्ये वाजलेल्या वाद्यांवर घामाबरोबर बिअरही सांडलेली असते. अॅल्निकोत लोखंड आहे, ते गंजतं, फुगतं आणि सर्वांत आतल्या वेढ्यांना कुरतडतं. दुसरी कमकुवत जागा म्हणजे पितळी आयलेट, जिथे ती केसाएवढी तार बाहेरच्या जाड वायरला सोल्डर केलेली असते. तिथे जुन्या फ्लक्सचा अंश राहिला असेल तर तार हिरवी पडून गळते.

आणि तिसरं कारण माणूस. एखादी तार कमी वाजते म्हणून तिच्याखालची चुंबक-कांडी स्क्रू-ड्रायव्हरने वर ढकलायची, हा प्रकार. ती कांडी म्हणजे उंची जुळवायचा स्क्रू नाही, कॉइल तिच्यावरच गुंडाळली आहे. कांडी सरकली की आतला वेढा तुटतो.

तुमच्या पिकअपमध्ये तुटलेली जागा आयलेटपाशी असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण आवाज अधूनमधून परत येतो. तसं असेल तर दुरुस्ती होते. भिंगाखाली, चांगल्या उजेडात, बाहेरची टेप उलगडा. टेप ओढू नका, जिथे चिकटली असेल तिथे अगदी थोडी ऊब द्या. बाहेरचं टोक तुटलं असेल तर काम सोपं आहे: शेवटचा एक वेढा सुईच्या टोकाने उचलायचा, सोडवायचा, त्याचं इनॅमल बारीक कागदाने घासून साफ करायचं, कथिल चढवायचं आणि आयलेटमध्ये पक्कं करायचं. एखाददुसरा वेढा कमी झाल्याने आवाजात काहीही फरक पडत नाही. आतलं टोक आयलेटच्या तोंडाशी तुटलं असेल तर तिथे कधी अर्धा मिलिमीटर तार वर डोकावत असते. तिच्यावर कथिलाचा थेंब धरता आला तर पिकअप वाचला. सोल्डरिंगची बारीक टोकाची इस्त्री, क्षणभरच स्पर्श, आणि अॅसिड फ्लक्स अजिबात नाही. इस्त्री आणि स्क्रू-ड्रायव्हर चुंबकापासून जपून आणा. चुंबक लोखंडी टोक झपकन ओढतो आणि ते थेट कॉइलमध्ये घुसतं.

आतले वेढे गंजून तुटले असतील तर मात्र रिवाइंडिंगशिवाय, म्हणजे कॉइल नव्या तारेने पुन्हा गुंडाळून घेतल्याशिवाय गती नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वाइंडरला सांगा: चुंबक तेच, पट्ट्या तुटल्या नसतील तर त्याच, तारेचं गेज मूळचंच, आणि रोध मूळ आकड्याच्या जवळ. मूळ आकडा माहीत नसेल तर तुमच्या आतल्या सी-सिक्स्थ मानेचा पिकअप शाबूत आहे, तो मोजून द्या. बरेच वाइंडर ‘जरा जास्त वेढे घालतो, दमदार होईल’ म्हणतात. नको म्हणा. ई-नाइन्थची तिसरी तार 0.011 इंचाची असते. तिची ती चमक कॉइल जड केली की पहिली मरते.

शिटी वाजणारा, मायक्रोफोनिक पिकअप हा वेगळा प्रकार. कॉइलचे वेढे सैल होऊन स्वतःच थरथरतात आणि मोठ्या आवाजात अॅम्प्लिफायर शिटी मारतो. पेन्सिलीने पिकअपवर टकटक करा. स्पीकरमधून ती टकटक मोठी, माइकवर वाजवल्यासारखी आली तर तो मायक्रोफोनिक आहे. पेडल स्टीलमध्ये याचा आणखी एक त्रास होतो: पेडल थांब्यावर आदळतं तो ‘टक्’, चेंजरची बोटं परत येतात तो ‘कट्’, सगळं स्पीकरमधून ऐकू येतं आणि लोक यंत्रणेला तेल घालत बसतात. उपाय मेणाचा. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशांचं मेण, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात 65 अंश सेल्सिअसच्या आसपास, थर्मामीटर लावून. पिकअप आत सोडायचा, बुडबुडे यायचे थांबले की काढायचा. मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही, मेण पेट घेतं. प्लॅस्टिकची बॉबिन असेल तर ती वाकते, तिथे तापमान कमीच ठेवा. तुमची तक्रार शिटीची नाही, तेव्हा उगाच मेणात बुडवू नका.

आता समजा, दुरुस्ती झाली, ग्राउंड झालं, पोट नवं आलं, आणि तरी ती जन्मजात ‘घूं’ सहन होत नाही. तेव्हा हमबकरचा, म्हणजे ‘घूं’ खोडून काढणाऱ्या पिकअपचा विचार करा. बिल लॉरेन्स यांचे 705 आणि 710 हे पिकअप स्टीलवाल्यांनी कित्येक वर्षं याच कारणासाठी बसवले. जॉर्ज एलचा ई-66 आहे. लेसचा अॅल्युमिटोन आहे, ज्यात तारेची कॉइल नावालाच आणि अॅल्युमिनियमची चौकटच बरंचसं काम करते. सिंगल-कॉइलचा सूर हवा आणि फक्त नवा माल हवा, तर ट्रूटोन. यांपैकी कुठलाही घेतलात तरी आवाज बदलणार, हे गृहीत धरा. शो-बडचा तो मऊ, किंचित गळा दाटून आल्यासारखा सूर निम्मा लाकडात आणि निम्मा त्या सिंगल-कॉइलमध्ये आहे. मला विचाराल तर मी ‘घूं’ पत्करीन. स्टुडिओत काम करणाऱ्याने माझं ऐकू नये, तिथे शांतता विकत घ्यावी लागते.

नवा घेताना माप हा खरा घोळ असतो. बडी एमन्स यांनी शॉट जॅक्सन यांच्याबरोबर नॅशव्हिलमध्ये शो-बड उभी केली आणि पुढे साठच्या दशकात बाहेर पडून एमन्स कंपनी काढली. एकाच माणसाचा हात दोन्हीकडे लागला, म्हणून माल सारखा असेल असं वाटतं. तसं नाही. खाचेची लांबी, रुंदी, खोली आणि स्क्रूंमधलं अंतर, चारही मोजून मगच ऑर्डर द्या. पहिल्या तारेच्या मध्यापासून दहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर पिकअपच्या जागेवर मोजा, तारांच्या दुसऱ्या टोकाला, नटपाशी नाही. कांड्यांचा पिकअप असेल तर कांड्या तारांखाली यायला हव्यात. सलग पट्टीचा, म्हणजे ब्लेडचा असेल तर ती काळजी नाही. 1957 मध्ये आलेल्या फेंडर 1000 चे पिकअप आठ तारांचे आहेत, ते स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नका. जुना पिकअप, स्क्रू आणि स्प्रिंगसकट, पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. उद्या वाद्य विकलंत तर घेणारा पहिला प्रश्न त्याचाच विचारील.

उंची ठरवायला अमेरिकी स्टीलवाल्यांचं माप सोपं आहे: तार आणि पिकअप यांच्यामध्ये क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची दोन नाणी. एक नाणं 1.75 मिलिमीटरचं, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. तिथून सुरू करा आणि कानाने जुळवा. फार वर आणलात तर नख्या कांड्यांवर आपटतात आणि प्रत्येक वेळी ‘टिक्’ येतो.

या ‘टिक्’वरून एक बारकावा. एका मानेला पिकअप एकच, त्यामुळे त्याच्या दोन वायरींपैकी कुठली ग्राउंडला हे फेजच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं आहे. पण कॉइलचं आतलं टोक ‘हॉट’, म्हणजे संकेताच्या वायरला जोडलेलं असेल तर चुंबक-कांड्या त्या वेढ्यांना लगटून असल्यामुळे नखी टेकताच टिक् होतो. आतलं टोक ग्राउंडला घेतलं तर टिक् जातो, मात्र बाहेरचे वेढे हॉट होतात आणि हात जवळ आला की बारीक गुंजारव वाढू शकतो. दोन्ही करून ऐका. गुंजारव वाढलाच तर कॉइलवर आधी टेप गुंडाळून तिच्यावर तांब्याची पट्टी लावा आणि ती ग्राउंड करा. पट्टीची टोकं एकमेकांना जोडू नका, दोनतीन मिलिमीटरची फट ठेवा. पूर्ण कडं झालं तर त्यात प्रवाह फिरतो आणि वरची चमक जाते.

राहिलं नाशिक. तुमचा अॅम्प्लिफायर 120 व्होल्टचा असणार, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार. ते ट्रान्सफॉर्मर स्वतःच सिंगल-कॉइलचे शत्रू. गिटारपासून निदान दोन मीटर लांब, आणि बसल्यावर पिकअपच्या रेषेत येणार नाही असा ठेवा. विकत घेताना त्याच्या आउटपुटच्या सॉकेटला अर्थची पिन आहे का आणि ती आतून इनपुटच्या अर्थला खरोखर जोडलेली आहे का, हे दुकानातच मीटर लावून बघा. बऱ्याच स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये ती शोभेची असते. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या, विशेषतः जुन्या वाड्यात किंवा जुन्या इमारतीत राहणार असाल तर. वीज तिथे 60 ऐवजी 50 हर्ट्झची, त्यामुळे ‘घूं’चा सूर थोडा खाली येईल. आणि व्हॉल्यूम पेडलचं जादा पोट अमेरिकेतूनच दोन घेऊन जा.